खेळांचा संगणक, उन्हाळा आणि प्रोसेसरचे तापमान

संगणकावर खेळ खेळणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी मार्च महिना संपता संपता ऐकू येऊ लागते. हिवाळाभर सुरळीत चाललेला खेळ अर्ध्या तासानंतर अडखळू लागतो, कॅबिनेटमधील पंखे मोठा आवाज करू लागतात आणि एखाद्या दुपारी पडदा काळा होऊन संगणक बंदच पडतो. तापमान दाखविणारे सॉफ्टवेअर उघडून पाहिले, तर प्रोसेसरसमोर ९५ किंवा १०० अंश सेल्सियस हा आकडा दिसतो. मग कोणी महागडी शीतक यंत्रणा विकत आणतो, कोणी कॅबिनेटचे झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवतो, तर कोणी नव्या प्रोसेसरचीच चौकशी करू लागतो. यातील बराचसा खर्च टाळता येण्यासारखा असतो. प्रोसेसरचे तापमान खोलीतील तापमानापेक्षा किती अंशांनी अधिक आहे, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही आणि दुरुस्ती कोठे करावी हेही कळत नाही.

उष्णता निर्माण कशी होते

प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. त्यातील कोट्यवधी ट्रान्झिस्टर दर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा खर्ची पडते. हा खर्च वेगाच्या, म्हणजे गिगाहर्ट्झच्या, सरळ प्रमाणात वाढतो. पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब १० टक्क्यांनी कमी केला, तर हा खर्च सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळविण्यासाठी दाब बराच वाढवावा लागतो, म्हणून ते सर्वांत महाग पडतात. हे गणित पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेत प्रत्यक्ष आकडेमोड करणारी सिलिकॉनची चकती जेमतेम ७० चौरस मिलिमीटरची, म्हणजे बोटाच्या नखाएवढी आहे. एवढ्याशा जागेतून कित्येक दहा वॅट उष्णता बाहेर पडते. दर चौरस सेंटीमीटरचा हिशेब केला, तर घरातील इस्त्रीचा तळही त्यापुढे थंड म्हणावा लागेल. ही उष्णता चकतीवरील धातूच्या टोपणात जाते. तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून ती हीट सिंकच्या तांब्याच्या तळात, मग नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या पात्यांत आणि पात्यांतून हवेत जाते. ती हवा कॅबिनेटबाहेर पडली, तरच प्रवास पूर्ण होतो. या साखळीतील प्रत्येक दुवा तापमानात काही अंशांची भर घालतो. एखादा दुवा बिघडला, तर बाकी सर्व कितीही उत्तम असले तरी उपयोग होत नाही.

थर्मल पेस्टचे काम अनेकांना नीट ठाऊक नसते. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा अडकते. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट अधिक चांगले उष्णतावाहक आहे. पेस्ट तांब्याच्या मानाने फारच सामान्य वाहक असली, तरी ती हवेची जागा घेते, एवढ्यासाठीच ती लावायची असते. म्हणून तिचा थर जितका पातळ तितका चांगला.

जुनीच अडचण

१९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट वीज घेत असे आणि त्या काळी तेवढेही फार वाटले होते. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने केलेला एक प्रयोग गाजला. क्वेक ३ अरेना हा खेळ चालू असतानाच प्रोसेसरवरील हीट सिंक काढून टाकण्यात आला. पेंटियम ४ ने आपला वेग उतरविला आणि तो वाचला. पेंटियम ३ थबकला. एएमडीचे ॲथलॉन जातीचे प्रोसेसर मात्र जळून गेले. त्या चित्रफितीने अनेकांना हादरा बसला. आज इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये अनेक तापमापक असतात. ठरावीक मर्यादा येताच प्रोसेसर वेग आणि दाब आपोआप कमी करतो आणि तरीही तापमान वाढतच राहिले तर संगणक बंद करतो. त्यामुळे तापून जळण्याची भीती आता फारशी उरलेली नाही. उरले आहे ते वेगाचे नुकसान, अचानक बंद पडल्याने होणारे फायलींचे नुकसान आणि दीर्घ काळ अधिक दाबाखाली राहिल्याने होणारी झीज.

आकडा वाचावा कसा

उष्णतेचा मार्ग आणि भार तोच राहिला, तर प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातील फरक साधारण तोच राहतो. समजा, जानेवारीत खोली २० अंशांवर असताना खेळात प्रोसेसर ६८ अंशांवर राहतो. म्हणजे फरक ४८ अंशांचा झाला. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर त्याच खेळात ८६ अंशांवर दिसेल. यात बिघाड काही नाही, केवळ ऋतू बदलला. मात्र पूर्ण भार टाकल्यावर हा फरक ६५ अंशांचा होत असेल, तर थंडीत ८५ दिसणारा आकडा उन्हाळ्यात हिशेबाने १०३ होतो. मर्यादा १०० असल्याने तो तेथे पोहोचत नाही. त्याआधीच प्रोसेसर वेग उतरवितो आणि खेळ अडखळतो.

परदेशांतील परीक्षणांचे आकडे बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. नागपूर, चंद्रपूर किंवा जयपूर येथे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वातानुकूलन नसलेल्या खोलीत बसलेल्या खेळाडूने ते जसेच्या तसे घेणे चुकीचे ठरेल. त्या आकड्यांत १२ ते १५ अंश मिळवून पाहावे. बेंगळुरूच्या वाचकाला एवढी भर घालावी लागणार नाही.

प्रत्येक प्रोसेसरची मर्यादाही वेगळी असते. इंटेलच्या कोअर आय९-१३९०० के आणि १४९०० के यांची मर्यादा १०० अंश आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतील ७६०० एक्स, ७९५० एक्स आदींची ९५ अंश आहे. पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तेथेच राहावे, अशीच या प्रोसेसरची रचना असल्याचे एएमडीने सांगितले आहे. अशा प्रोसेसरवर मोठी शीतक यंत्रणा बसविली, तरी आकडा ९५ च राहू शकतो. वाढतो तो वेग. पैसे वाया गेले असे तेव्हा ग्राहकाला वाटते, ते खरे नसते. याउलट खेळाडूंत लोकप्रिय असलेल्या रायझन ७ ७८०० एक्स३डी ची मर्यादा ८९ अंशच आहे, कारण त्यात जादा स्मृतीचा थर आकडेमोडीच्या चकतीवर रचलेला असून तो उष्णतेच्या वाटेत येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८०० एक्स३डी मध्ये तो थर खाली नेला गेला आणि ही अडचण बरीच कमी झाली.

कधी कधी आकडाच फसवा असतो. २०१७ च्या रायझन ७ १७०० एक्स आणि १८०० एक्स या प्रोसेसरचे दर्शविलेले नियंत्रण-तापमान खऱ्यापेक्षा मुद्दाम २० अंशांनी अधिक ठेवलेले होते, जेणेकरून पंखे लवकर जोर धरतील. जुना संगणक विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

बिघाड कोठे आहे, हे ओळखणे

त्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि भिंतीवरचा साधा तापमापक पुरेसा आहे. संगणक सुरू करून दहा मिनिटे काहीही न करता ठेवावा. प्रोसेसर खोलीपेक्षा १० ते २० अंश वर असेल, तर संपर्क बहुधा ठीक आहे. काम नसतानाही तो ४० अंश वर असेल आणि खेळ सुरू करताच दोन-तीन सेकंदांत मर्यादेला भिडत असेल, तर उष्णता हीट सिंकपर्यंत पोहोचतच नाही, असे समजावे. हीट सिंक सैल असतो, पेस्ट वाळलेली असते किंवा द्रवशीतक असल्यास त्याचा पंप बंद पडलेला असतो. पंप बंद पडल्याची आणखी एक खूण म्हणजे दोन नळ्यांपैकी एक गरम आणि दुसरी थंड लागते.

तापमान पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर दोष हवेच्या वाटेत शोधावा. याची सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तोच खेळ तेवढाच वेळ खेळणे. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर नवे पंखे बसविण्यात पैसे घालू नयेत. ही परीक्षा फुकट आहे, तरी ती केल्यावाचूनच दुकान गाठणारे पुष्कळ असतात. झाकण कायमचे काढून ठेवणे मात्र योग्य नाही. धूळ अधिक जाते आणि ठरलेला हवेचा प्रवाहही मोडतो.

खेळ सुरू होताच एक-दोन मिनिटे तापमान उसळते, त्याची चिंता करू नये. अनेक नवे खेळ सुरुवातीला शेडर तयार करतात आणि ते काम सर्व गाभ्यांना एकदम जुंपते. प्रत्यक्ष खेळताना भार त्याहून बराच कमी असतो.

धूळ, कॅबिनेट आणि पेस्ट

आपल्याकडे संगणक-टेबलाला कॅबिनेटसाठी खालच्या बाजूला एक खण असतो आणि त्याची मागची बाजू बहुधा फळीने बंद असते. प्रोसेसरने बाहेर टाकलेली गरम हवा तेथेच घुटमळते आणि पुढच्या पंख्यातून पुन्हा आत ओढली जाते. कॅबिनेट त्या खणातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्याने जो लाभ होतो, तो अनेकदा हजारो रुपयांच्या पंख्यानेही होत नाही. पुढच्या व खालच्या पंख्यांनी हवा आत घ्यावी आणि मागच्या व वरच्या पंख्यांनी ती बाहेर टाकावी, हा सर्वसाधारण नियम आहे. पंख्याच्या चौकटीची जी बाजू आडव्या पट्ट्यांची असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा बसविलेला पंखा ओळखण्यासाठी एवढी खूण पुरते. दर्शनी भागावर अखंड काच असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असली, तरी हवेसाठी जाळीची कॅबिनेट केव्हाही बरी.

येथे ग्राफिक्स कार्डाचा विचार करावाच लागतो. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचे आहे, तर आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे. नव्या कार्डानंतर प्रोसेसर तापू लागला, तर प्रोसेसरचा त्यात दोष नसतो. कार्डाची गरम हवाच त्याच्या वाट्याला येत असते.

धूळ साफ करण्यासाठी दुकानदार ब्लोअर वापरतात. घरी तो वापरताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत, कारण जोराच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. वीजपुरवठा अर्थातच काढलेला असावा. मुंबई, गोवा, कोकण आणि केरळच्या दमट किनाऱ्यावर धूळ ओलसर होऊन पात्यांना चिकटते. ती नुसत्या झोताने जात नाही, मऊ ब्रशाने काढावी लागते. राजस्थान किंवा मराठवाड्यातील कोरडी धूळ सहज उडते, पण साचतेही तितक्याच वेगाने.

पेस्ट बदलण्यासाठी हीट सिंक काढताना एक काळजी घ्यावी. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीट सिंकला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो, पिना वाकतात. म्हणून आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग तो बंद करून हीट सिंक अलगद डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी ठेवावी आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. इंटेलसोबत मिळणाऱ्या पंख्याला प्लास्टिकचे चार खटके असतात. त्यांतील एक जरी नीट बसला नाही, तर एक कोपरा उचललेला राहतो. नव्या हीट सिंकच्या तळावरची प्लास्टिकची पारदर्शक फीत काढण्यास विसरणारेही कमी नाहीत. द्रवरूप धातूच्या पेस्टच्या वाटेला मात्र नवख्याने जाऊ नये. त्यातील गॅलियम ॲल्युमिनियम खातो आणि तो विद्युतवाहक असल्याने एक थेंब मदरबोर्डवर पडला तरी संकट ओढवते.

वीज कमी, खेळ तोच

संपर्क आणि हवा दोन्ही ठीक असूनही तापमान अधिक असेल, तर प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेकडे पाहावे. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित लाभ येथेच आहे.

इंटेलच्या कोअर आय९-१४९०० के ची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. पण अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ही मर्यादा मूळातच उठविलेली असे. काही ठिकाणी तर ४०९६ वॅट असा आकडा भरलेला आढळे. घरगुती मदरबोर्डाला तो कधीच गाठता येणार नाही. मर्यादा नाही, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षणांत आपला बोर्ड एक-दोन टक्क्यांनी पुढे दिसावा, हा यामागचा हेतू. उष्णतेचा भार ग्राहकाच्या माथी. बायोसमध्ये जाऊन इंटेलने ठरविलेल्या मूळ मर्यादा निवडल्या, तरी तापमान लक्षणीय उतरते. मर्यादा त्याहूनही खाली, १२५ वॅटवर आणली, तरी बहुतेक खेळांत फरक जाणवत नाही, कारण खेळ सर्व गाभे क्वचितच वापरतात.

एएमडीच्या प्रोसेसरसाठी इको मोड नावाची सोय आहे. रायझन ९ ७९५० एक्स मूळ स्थितीत २३० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. इको मोडच्या ६५ वॅट श्रेणीत ही मर्यादा ८८ वॅटवर येते. वर सांगितलेले दाबाच्या वर्गाचे गणित येथे कामी येते. वेगात थोडी घट होते आणि उष्णतेत मोठी. कर्व्ह ऑप्टिमायझरने दाब आणखी उतरविता येतो, पण पायरीपायरीने आणि प्रत्येक पायरीनंतर काही तास तपासून. फार उतरविल्यास संगणक भलत्या वेळी कोसळतो. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत दाब बदलण्याची सोय बंद असते. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यावर ती बंद करण्यात आली. तेथे विंडोजच्या वीजविषयक पर्यायांत प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के केली की बहुसंख्य यंत्रांत जादा वेग, म्हणजे टर्बो, थांबतो आणि तापमान तत्काळ घटते. हा उपाय ओबडधोबड आहे, परंतु मे महिन्याच्या दुपारी चालून जातो.

याहून साधा उपाय म्हणजे चित्रांच्या संख्येला मर्यादा घालणे. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवीत असताना संगणकाने २०० तयार करण्यात अर्थ नसतो. खेळाच्या रचनेत ही मर्यादा ६० किंवा पडद्याच्या क्षमतेइतकी ठेवली, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचाही भार उतरतो.

२०२४ चे प्रकरण

दाबाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा अनुभव इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या ग्राहकांना आला. खेळ मध्येच बंद पडत आणि व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई. साहजिकच अनेकांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. जुलै २०२४ मध्ये इंटेलने स्पष्ट केले, की प्रोसेसरमधील मायक्रोकोडच्या चुकीमुळे त्याच्याकडून गरजेपेक्षा अधिक दाबाची मागणी होत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड देण्यात आले. ते मदरबोर्डाच्या बायोसमधून बसवावे लागतात. आधीच झालेली झीज त्यांनी भरून निघत नाही. एएमडीलाही २०२३ मध्ये असाच धडा मिळाला होता. ७००० एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यानंतर नव्या बायोसद्वारे त्यांच्या एका दाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. दोन्ही प्रकरणांत मूळ दोष दाबाचा होता आणि कितीही मोठा पंखा लावून तो दूर झाला नसता. ज्यांनी या पिढ्यांचे संगणक घेतल्यापासून बायोस अद्ययावत केलेला नाही, त्यांनी इतर कोणत्याही उपायाआधी ते करावे. त्या वेळी वीज जाऊ नये म्हणून यूपीएस जोडलेला असावा.

खोली

कोणताही पंखा किंवा द्रवशीतक प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे द्रवशीतकावर दव धरण्याची भीती निराधार आहे. संगणक ५०० वॅट वीज घेत असेल, तर तो खोलीत ५०० वॅटचा हीटर लावल्यासारखाच आहे. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे त्याच्या क्षमतेचा सातवा हिस्सा संगणकासाठीच खर्ची पडतो. १ जानेवारी २०२० पासून भारतात नव्या वातानुकूलन यंत्रांची मूळ मांडणी २४ अंशांवर असते. प्रोसेसरसाठी तेवढे पुरेसे आहे. विदर्भ आणि उत्तर भारतात वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या कूलरनेही खोलीची हवा कित्येक अंशांनी उतरते आणि तेवढाच लाभ प्रोसेसरला होतो. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्यातून उडणारे तुषार मदरबोर्डापर्यंत पोहोचू शकतात.

एवढे करूनही तापमान उतरत नसेल किंवा संगणक बंद पडतच असेल, तर हमीची कागदपत्रे काढावीत. वर उल्लेखिलेल्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील बाधित प्रोसेसरसाठी इंटेलने हमीचा कालावधी दोन वर्षांनी वाढविला असून डबाबंद प्रोसेसरला तो खरेदीपासून पाच वर्षांचा आहे. ट्रे प्रकारचा, म्हणजे डब्याविना मिळालेला, प्रोसेसर असेल, तर तक्रार विक्रेत्याकडे किंवा संगणक जोडून देणाऱ्याकडे न्यावी लागते. त्यासाठी अनुक्रमांक नमूद असलेले बिल लागते.